लाल समुद्राची वाट उघडतेय, पण चाकणच्या कंटेनरला दिलासा कधी?

डिसेंबर 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात 'मर्स्क सेबारोक' नावाचं एक कंटेनर जहाज बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून लाल समुद्रात शिरलं आणि सुखरूप पुढे गेलं. मर्स्क कंपनीचं जहाज या वाटेने जवळजवळ दोन वर्षांनी गेलं. आपल्याकडच्या मराठी पेपरांत याची बातमी कुठे आतल्या पानावर आली असेल, बहुतेकांनी वाचलीही नसेल. पण पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात ज्यांची रोजी-रोटी आहे त्यांनी ती वाचायला हवी. आपल्या समाजातली किती घरं या पट्ट्यावर उभी आहेत, हे वेगळं सांगायला नको. कुणाचा ट्रेलर आहे, कुणी फिटर आहे, कुणाची छोटी वर्कशॉप आहे, कुणी पॅकिंगच्या लाकडी पेट्या बनवतो.

बाब म्हणजे दरवाजा, हे उर्दू जाणणाऱ्याला समजतं. बाब-अल-मंदेब म्हणजे अश्रूंचा किंवा शोकाचा दरवाजा. एका बाजूला येमेन, दुसऱ्या बाजूला जिबुती आणि एरिट्रिया, मध्ये जेमतेम तीसेक किलोमीटर पाणी. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हे नाव ठाऊक होतं. मुंबईहून मोगल लाईनच्या जहाजाने हजला जाणारे याच दरवाजातून जिद्दाला पोहोचायचे. शेवटचं हज जहाज 'अकबरी' 1995 साली गेलं, नंतर सगळं विमानावर आलं आणि ही वाट आपल्या बोलण्यातून निघून गेली. मालाची मात्र तीच वाट राहिली. नाव्हा-शेव्याहून निघालेला कंटेनर अरबी समुद्र, एडनचं आखात, बाब-अल-मंदेब, लाल समुद्र, सुएझ कालवा आणि भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात पोहोचतो. जगातली साधारण 30 टक्के कंटेनर वाहतूक सुएझमधून जायची.

19 नोव्हेंबर 2023 ला येमेनच्या हूथींनी 'गॅलेक्सी लीडर' हे मोटारी वाहून नेणारं जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. गाझावरचे हल्ले थांबेपर्यंत इस्रायलशी संबंध असलेली जहाजं जाऊ देणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे ज्यांचा इस्रायलशी दूरचाही संबंध नव्हता अशा जहाजांवरही मारा झाला. डिसेंबर 2023 पासून मोठ्या कंपन्यांनी एकामागून एक वाट बदलली. फ्रान्सची सीएमए सीजीएम काही जहाजं फ्रेंच नौदलाच्या सोबतीने नेत राहिली. बाकीच्यांनी आफ्रिकेला वळसा घातला, केप ऑफ गुड होपवरून, वास्को द गामा ज्या वाटेने आला त्याच वाटेने.

सातवीच्या वर्गात मी भिंतीवरच्या नकाशावर दोऱ्याने हे अंतर मोजायला लावते. मुलं आधी म्हणतात, "मॅडम, थोडंच तर जास्त आहे!" मग दोरा संपतो. चीनहून निघणाऱ्या जहाजाला मुळातच लांब जायचं असतं, त्यामुळे त्याच्या प्रवासात वाढ होते पण ती प्रमाणात कमी दिसते. आपण सुएझच्या जास्त जवळ. म्हणून केपच्या वळशाचा फटका टक्केवारीत आपल्याला मोठा बसतो. दहा-पंधरा दिवस जादा, तेवढं तेल जादा, आणि एक जहाज वर्षात जितक्या फेऱ्या मारायचं त्या कमी. फेऱ्या कमी म्हणजे जागा कमी आणि जागा कमी म्हणजे भाडं जास्त. 2024 च्या सुरुवातीला भाडी काही पटींनी चढली ती यामुळे.

आता चाकणच्या कंटेनरचं नेमकं काय होतं ते पाहू. कारखान्यात माल भरून सील लागलं की ट्रेलर तळेगाव, खालापूर, पनवेल करत नाव्हा-शेव्याला जातो. हे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. त्यातला चाकण ते तळेगाव हा तुकडा किती वेळ खाईल हे अल्लाह जाणे आणि ट्रॅफिक हवालदार जाणे. कट-ऑफच्या आधी गेट-इन झालं नाही तर कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो. 1989 साली सुरू झालेल्या या बंदराने 2024-25 या वर्षात सुमारे 73 लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी पेटीच्या हिशोबाने 73 लाख पेट्या हाताळल्या. देशातल्या मोठ्या सरकारी बंदरांच्या कंटेनर वाहतुकीतला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या या बंदराचा.

पण कंटेनर जहाजावर चढला म्हणजे झालं, असं नाही. खरी गंमत युरोपात सुरू होते आणि आपल्याकडच्या छोट्या निर्यातदाराला तिची कल्पना नसते. आपलं मोठं जहाज रॉटरडॅम, अँटवर्प, हॅम्बुर्ग अशा दोन-चार बंदरांनाच लागतं. गिऱ्हाईक असतं पोलंडमध्ये, स्वीडनमध्ये किंवा आयर्लंडमध्ये. मग रॉटरडॅमला उतरलेली पेटी छोट्या जहाजावर चढते, त्याला फीडर म्हणतात. हे फीडर एसटीसारखे ठरलेल्या वेळेला युरोपच्या बंदराबंदरांतून फिरतात. काही पेट्या ऱ्हाईन नदीतून तराफ्यासारख्या चपट्या बोटींवर जर्मनीत आत जातात, काही रेल्वेने. मोठं जहाज चार दिवस उशिरा आलं की फीडर निघून गेलेला असतो. पेटी धक्क्यावर पडून राहते आणि जागेचं भाडं चालू होतं. नाव्हा-शेव्याहून चार दिवस उशीर झालेला माल गिऱ्हाइकाच्या दारात दहा दिवस उशिरा पोहोचतो तो असा.

लाल समुद्र बंद झाल्यावर युरोपातलं हे आतलं जाळंही फिरलं. सुएझमधून आलेल्या जहाजाला ग्रीसचं पिरेयस, स्लोव्हेनियाचं कोपर, इटलीचं त्रिएस्ते ही बंदरं जवळची. केपवरून वर आलेल्या जहाजाला तीच लांबची झाली, आणि मोरोक्कोचं टँजर मेड, स्पेनचं अल्जेसिरास ही जिब्राल्टरजवळची बंदरं आधी लागू लागली. जो माल पूर्वी पूर्वेकडून यायचा तो पश्चिमेकडून यायला लागला. मोटारींचे सुटे भाग जिथे जातात त्या मध्य युरोपातल्या कारखान्यांसाठी कोपर महत्त्वाचं बंदर आहे. पुण्याच्या मालाला ते त्यामुळे लागलं.

शिवाय युरोपने याच काळात जहाजांच्या धुरावर पैसे लावले. 1 जानेवारी 2024 पासून युरोपियन युनियनच्या उत्सर्जन व्यापार योजनेत, ईटीएसमध्ये, जहाजं आली. नियम असा की जहाज युरोपियन युनियनच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गेलं तर त्या प्रवासातला सगळा धूर मोजायचा, आणि बाहेरून आलं, म्हणजे नाव्हा-शेव्याहून रॉटरडॅमला गेलं, तर निम्मा. 2024 च्या धुरापैकी 40 टक्क्यांवर, 2025 च्या 70 टक्क्यांवर आणि 2026 पासून पूर्ण 100 टक्क्यांवर पैसे भरायचे. मग एखादी कंपनी म्हणेल, आपण युरोपच्या अगदी बाहेर एक थांबा घेऊ आणि तिथून मोजणी सुरू करू. ही पळवाट युरोपने आधीच ओळखली. टँजर मेड आणि इजिप्तचं पूर्व पोर्ट सैद या दोन बंदरांतला थांबा कंटेनर जहाजांसाठी थांबा धरला जात नाही. केपवरून गेलं की प्रवास लांब, धूर जास्त, म्हणून हा खर्चही जास्त. कंपन्या तो स्वतः सोसत नाहीत, बिलात वेगळी ओळ टाकतात. ज्यांच्याकडे फॉरवर्डरचं बिल येतं त्यांनी जानेवारीनंतरच्या बिलातली ही ओळ नीट वाचावी आणि हिशोब मागावा. निम्मा धूर, इतके कंटेनर, एवढी रक्कम कशी झाली, हे विचारणं आपला हक्क आहे. बहुतेक जण विचारत नाहीत.

तर आता वाट उघडली, भाडं उतरणार का? माझं मत असं की उतरेल, पण लगेच नाही आणि सरळ रेषेत नाही.

10 ऑक्टोबर 2025 पासून गाझात युद्धविराम लागू झाला, निदान कागदावर. तिथे त्यानंतरही माणसं मारली गेली. नोव्हेंबर 2025 मध्ये हूथींनी हल्ले थांबवल्याचे संकेत दिले. मर्स्कने सुएझ कालवा प्राधिकरणाशी बोलणी केली आणि एक जहाज पाठवून पाहिलं. पण सगळी वाहतूक लगेच सुएझवरून नेणार, असं कंपनीने तेव्हा म्हटलं नव्हतं. एकेका टप्प्याने, सुरक्षितता बघून, अशी त्यांची भाषा होती. विमा कंपन्यांचंही तसंच. हल्ल्यांच्या काळात युद्धजोखमीचा हप्ता जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेला होता. 10 कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीसाठी 10 लाख डॉलर. एक जहाज सुखरूप गेलं म्हणून हा हप्ता खाली येत नाही.

आणि जेव्हा जहाजं खरोखर परततील, तेव्हा आधी गोंधळ होईल. ज्या दिवशी कंपन्या वाट बदलतील त्या दिवशी केपवरून निघालेली जहाजं समुद्रातच असणार. मागून सुएझने निघालेली जहाजं त्यांच्यासोबतच रॉटरडॅम-अँटवर्पला पोहोचणार. दोन आठवड्यांचा माल एका आठवड्यात धक्क्यावर. या बंदरांत 2025 मध्ये आधीच गर्दी होती, बेल्जियममधल्या संपांनी त्यात भर घातली. म्हणजे फीडर पुन्हा चुकणार, पेट्या पुन्हा पडून राहणार. त्यानंतर मात्र वळशात अडकलेली जहाजं मोकळी होतील, जागा जास्त आणि माल कमी अशी स्थिती येईल आणि भाडं घसरेल. तेव्हा कंपन्या फेऱ्या रद्द करून भाडं टिकवायचा प्रयत्न करतील, त्याला ते ब्लँक सेलिंग म्हणतात. ज्याने पुढच्या सहा महिन्यांचा करार आजच्या भाड्यावर घाईने केला तो तेव्हा पस्तावेल. ज्याचा माल द्राक्षांसारखा नाशवंत आहे त्याला थांबायची सोय नाही. नाशिक-सांगलीचा द्राक्ष हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि त्यातला सर्वांत मोठा हिस्सा नेदरलँड्सला उतरतो. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या रीफर कंटेनरमध्ये दहा दिवस जास्त काढलेलं द्राक्ष सडत नाही, पण त्याचा देठ सुकतो, आणि युरोपातला दुकानदार देठ बघून भाव पाडतो.

इथे छोट्या निर्यातदारांसाठी थोडं थांबून सांगते, कारण ही गोष्ट बऱ्याच जणांना नुकसान झाल्यावरच कळते. 23 मार्च 2021 ला 'एव्हर गिव्हन' हे 400 मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. 29 मार्चला निघालं. सगळ्या जगाने त्यावर विनोद केले. त्यानंतर इजिप्तने भरपाईसाठी ते 7 जुलैपर्यंत अडवून ठेवलं, त्यावरचे सगळे 25 खलाशी भारतीय होते. आणि जहाजाच्या मालकाने 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केलं. म्हणजे काय, तर जहाज आणि माल वाचवायला जो असाधारण खर्च झाला तो जहाजमालकाने एकट्याने सोसायचा नाही, ज्यांचा ज्यांचा माल त्यावर होता त्या सगळ्यांनी मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. नियम शेकडो वर्षं जुना आहे, आजही चालतो. तुमची पेटी शाबूत असली तरी आधी हमी भरा, मग पेटी न्या. ज्याने मालाचा सागरी विमा काढला होता त्याच्यातर्फे विमा कंपनीने हमी दिली. ज्याने चार पैसे वाचवायला विमा टाळला त्याला खिशातून भरावं लागलं.

जून 2025 मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून दूर 'वान हाय 503' हे जहाज पेटलं, ते कोलंबोहून नाव्हा-शेव्यालाच येत होतं. चार खलाशी बेपत्ता झाले. धोका फक्त येमेनजवळ आहे असं समजू नये. एफओबी अटीवर माल विकलात तर जहाजावर चढल्यानंतरची जोखीम गिऱ्हाइकाची. सीआयएफवर विकलात तर भाडं आणि विमा दोन्ही तुम्ही भरायचे, म्हणजे भाडं चढलं की तुमचा नफा गेला. भाव ठरवताना हे दोन शब्द आधी बघावेत.

1 जानेवारी 2026 पासून युरोपचा कार्बन कर, सीबीएएम, प्रत्यक्ष लागू झाला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम यांवर तर आहेच, पण पोलादाचे नट-बोल्ट, स्क्रूही त्यात येतात. भोसरीत हे बनवणारी किती युनिटं आहेत! वर्षाला 50 टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या युरोपच्या आयातदाराला यातून सूट आहे. म्हणजे छोट्या गिऱ्हाइकाला माल देणाऱ्याला सध्या तरी श्वास घ्यायला जागा आहे. अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये बऱ्याच भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावल्यावर सगळ्यांचं लक्ष युरोपकडे वळलं. भारत आणि युरोपियन युनियनने फेब्रुवारी 2025 मध्ये ठरवलं होतं की मुक्त व्यापार करार त्याच वर्षी पूर्ण करायचा. 2025 मध्ये तो झाला नाही. झाला तरी शुल्कात वाचलेले पैसे भाड्यात जाऊ नयेत यासाठी वाट उघडी असणं आलंच.

जहाजावर काम करणाऱ्या माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम गावांत पिढ्यान्‌पिढ्या मुलं जहाजावर जातात. आमच्या पुण्यातही कोंढव्यात अशी घरं आहेत जिथे बायको महिनोन् महिने व्हॉट्सअ‍ॅपवर नवऱ्याचं जहाज नकाशात कुठे आहे ते बघत असते. या दोन वर्षांत लाल समुद्रात शंभराहून जास्त जहाजांवर हल्ले झाले, चार जहाजं बुडाली. 'रुबीमार' आणि 'ट्यूटर' 2024 मध्ये, 'मॅजिक सीज' आणि 'एटर्निटी सी' जुलै 2025 मध्ये. किमान आठ खलाशी मेले, त्यात फिलिपिन्सचे जास्त. 'गॅलेक्सी लीडर'चे 25 खलाशी 14 महिने कैदेत होते. 'एटर्निटी सी'वरून नेलेल्या लोकांत एक भारतीय होता, तो डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला ओमानमार्गे सुटला. जानेवारी 2024 मध्ये 'मर्लिन लुआंडा' पेटलं तेव्हा त्यावर 22 भारतीय होते, आपल्या नौदलाच्या 'आयएनएस विशाखापट्टणम'ने जाऊन आग विझवायला मदत केली.

गाझासाठी आपलं काळीज तुटतं, तुटायलाच हवं. हजारो मुलं मारली गेली आणि जगाच्या मोठ्या देशांना जाग आली ती कंटेनरचं भाडं वाढल्यावर, ही शरमेची गोष्ट आहे. पण मी हेही लिहीन की फिलिपिन्सच्या गरीब खलाशाला मारून गाझातल्या एकाही मुलाच्या तोंडात घास पडला नाही. सुएझचं उत्पन्न 2023 मध्ये 10 अब्ज डॉलरच्या वर होतं, ते 2024 मध्ये 4 अब्जांवर आलं. हे नुकसान इजिप्तचं झालं, जिथे आधीच भाकरीचे वांधे आहेत. इस्रायलचं इलात बंदर ठप्प झालं हे खरं, पण येमेनच्या होदैदा बंदरावर बॉम्ब पडले आणि येमेनचं धान्य याच बंदरातून येतं. ज्यांना हे सांगितलं की राग येतो, त्यांनी एकदा त्या खलाशांच्या घरच्यांशी बोलावं.

ज्यांची मुलं जहाजावर आहेत त्यांना एक माहिती. लाल समुद्राचा दक्षिण भाग आणि आसपासचं पाणी आंतरराष्ट्रीय खलाशी संघटना आणि जहाजमालक यांच्या करारात युद्धसदृश क्षेत्र ठरवलं गेलं. ज्या जहाजांना हा करार लागू आहे त्यांवरच्या खलाशाला त्या क्षेत्रात जायला नकार देता येतो आणि कंपनीने त्याला स्वतःच्या खर्चाने घरी पाठवायचं असतं. गेला तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट, आणि मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाईही दुप्पट. कंपन्या आता पुन्हा या वाटेने जहाजं पाठवतील तेव्हा हे क्षेत्र यादीतून काढा म्हणून दबाव येईल. करारनाम्यावर सही करण्याआधी मुलाने विचारावं: जहाजाला हा करार लागू आहे का, आणि वाट कुठली? मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजी शिपिंगकडे, नोंदणी असलेल्या एजंटमार्फतच जावं. नोंदणी क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. लाखभर रुपये घेऊन कुठल्याशा जहाजावर चढवणारे एजंट प्रत्येक गावात आहेत, आणि मुलगा अडकला की त्यांचा फोन बंद असतो.

सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये जहाजबांधणीसाठी 69,725 कोटींची योजना मंजूर केली. पालघरच्या वाढवणला 76,220 कोटींचं बंदर होतंय, तिथल्या मच्छीमारांचा विरोध असूनही. तिथे जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं लागतील. पण ती जहाजं मर्स्कची, एमएससीची, सीएमए सीजीएमची असणार, कारण भारताच्या स्वतःच्या ताब्यात दूरच्या वाटेची कंटेनर जहाजं नगण्य आहेत. वाट कुठली घ्यायची, भाडं किती लावायचं, हे कोपनहेगन, जिनिव्हा आणि मार्सेयला ठरतं. बंदर मोठं केल्याने ट्रेलरच्या रांगा कमी होतील, तेही चाकणचा रस्ता सुधारला तर.

 मर्स्कपाठोपाठ हापाग-लॉइडची जहाजं सुएझला लागतात का, विमा हप्ता खाली येतो का, आणि गाझातला युद्धविराम टिकतो का, या तीन गोष्टींवर नजर ठेवा. पहिल्या दोन तिसरीवर अवलंबून आहेत.